तो कुठला धूर

ग्रिम्सबी, रविवार

तीर्थस्वरूप वासूदादांच्या चरणी नीळकंठाचा दंडवत. इकडे आम्ही उभयता समुद्रावरच्या वाऱ्याला तोंड देत खुशाल आहोत. तुझे गुडघे आणि वहिनींचा दरारा दोन्ही जागच्या जागी असतील, असे धरून चालतो.

आमच्या शेजारच्या ट्रेवरवर मध्यंतरी खोटेपणाचा आळ आला, ते सांगायला बसलो आहे. हा गृहस्थ भुशाच्या धुरात मासे धुरवण्याच्या कारखान्यात आयुष्यभर हॅडॉक मासे टांगत आला. पायाची रक्तवाहिनी तुंबली. सर्जनने बजावलं की सिगारेट सुटल्याची खात्री पटल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख मिळेल, आणि फार उशीर झाला तर पाय जाईल. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या जोआन नर्सने त्याच्या हाती वेप, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायची विजेची सिगारेट, दिलं. (निर्धोक नाही, ती स्पष्ट म्हणाली; पण जळत्या तंबाखूपेक्षा पुष्कळ बरं, आणि पुढे हेही सोडायचं.) वास त्याने स्ट्रॉबेरीचा निवडला. कारखान्यातले सोबती विचारू लागले, "काय रे ट्रेवर, आता माशाला जॅम लावतोस?" त्याने मुकाट सोसलं, पण सिगारेटला शिवला नाही.

दवाखान्यात एका नळीत फुंकायला लावतात. धुरातला विषारी वायू श्वासात असला की यंत्रावर आकडा चढतो. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून तो उतरायला हवा. ट्रेवरचा चढलेला. पुढच्या खेपेलाही चढलेलाच. आता डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणारच, हे अनुमान तू नि मी पाठशाळेत छड्या खाऊन घोकलं. त्याच्या बायकोने, मॉरीनने, ते छडीवाचून केलं. खिसे उलटे केले, बागेतली खोली धुंडाळली आणि मग बोलणंच टाकलं. ट्रेवर मला म्हणाला, "भांडली असती तर बरं होतं रे. ही मुकाट्यानं जेवण वाढते नि खिडकीबाहेर बघत बसते."

पुढच्या तपासणीला मीच त्याला गाडीतून नेलं. (स्ट्रॉबेरी आणि हॅडॉक यांचा जो समास गाडीत झाला, त्याचा विग्रह अजून चालू आहे.) जोआनने सहज विचारलं, थेट कामावरून आलात का? हो म्हणाला, भट्ट्यांची दारं उघडून, रात्रभर धुमसलेला भुसा उपसून. मग तो धूर छातीत जात नाही का, तिने विचारलं.

"तो कुठला धूर," ट्रेवर म्हणाला, "ते तर काम."

सुट्टीनंतर, कामावर जाण्यापूर्वी, तिने पुन्हा फुंकायला लावलं. मॉरीन शेजारी बसली होती. आकडा आला सिगारेट न ओढणाऱ्याचा. आपलं तर्कशास्त्र निर्दोष होतं, दादा; आग फक्त दुसऱ्या डोंगरावर होती.

मॉरीनने हातमोजा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, सिगारेट ओढत ओढत तू मला सोडून जायचं ठरवलंस."

त्याने तिची पिशवी उचलली आणि लंगडत दाराकडे निघाला.

तुझा,
नीळकंठ

ता. क. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. पाय वाचेल म्हणतात.

आणखी ता. क. वेपवर तिकडे बंदी आहे, तेव्हा मागू नकोस, मी पाठवणार नाही. पण निकोटिनचं च्युइंगम तिकडे मिळतं आणि डॉक्टर तर तुझ्या गल्लीतच आहे, उद्याच जा. वहिनींनी तुझ्या सिगारेटबद्दल माझ्याकडे अवाक्षर काढलेलं नाही. परवा फोनवर मी तुझी चौकशी केली, तर त्या हवापाण्याबद्दल बोलत राहिल्या. म्हणून एवढं पत्र.