दिवा फक्त गुरुवारी लागतो

५ जानेवारी, सोमवार

गॅरेजवाला म्हणतो, दिवा लागत नाही. मी म्हणते, लागतो. मला भास होत नाहीत! म्हणून आजपासून लिहून ठेवणार — कधी लागला, कुठे लागला. त्यानेच सांगितलं, “मॅडम, लागेल तेव्हा नोंद करा, म्हणजे शोधायला बरं.” सूर असा, की बाई एकदाची वाटेला लागू दे. ठीक आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी. नोंदी मला नव्या नाहीत.

दिवा एअरबॅगचा. पिवळा, बसलेल्या माणसाचं चित्र, पोटापुढे गोळा. गाडी म्हातारी आहे, मान्य. पण उद्या कुणी धडकलं तर एअरबॅग उघडणार की नाही, हे मला कळलंच पाहिजे. शेजारच्या सीटवर माझी धाकटी बहीण बसते. तिच्या अंगात आता एक धक्कासुद्धा सोसायची ताकद नाही.

८ जानेवारी, गुरुवार

लागला! औषधाचा दिवस, हॉस्पिटलला निघालो होतो. गल्लीतून बाहेर पडायच्या आत लागला आणि परत घरी येईपर्यंत तसाच.

धाकटी म्हणाली, “ताई, बघ, मला डोळा मारतोय.”

“थट्टा पुरे. पट्टा लाव.”

“लावलाय गं बाई!”

मग कोटाची कॉलर कानापर्यंत ओढून झोपली. हॉस्पिटलात ती आत एकटी जाते, मी गाडीपाशी थांबते. तिचाच हट्ट — “तू आत आलीस की डॉक्टर उभे राहतात. तोंडी परीक्षा असल्यासारखे.”

१० जानेवारी, शनिवार

गॅरेज. त्याने स्कॅनर लावला. यंत्र म्हणतं, बिघाड नाही. मग बॅटरी तपासली, ठीक. शेवटी सीटखाली डोकं घातलं. “सीट पुढेमागे करून वायरची पिन सैल होते, मॅडम. जुन्या गाड्यांचं हेच दुखणं.” पिन काढून साफ केली, घट्ट बसवली. त्याचा भागीदार — सगळे जाड्या म्हणतात, कारण दिसतंच — बाजूला बसला, आम्ही एक चक्कर मारली. दिवा नाही.

“बघा, कसा शहाण्यासारखा वागतोय!” जाड्या म्हणाला. मी हसले नाही. गुरुवार येऊ दे.

११ जानेवारी, रविवार

धाकटीचं वजन केलं. कोट घालूनच — तिला फार थंडी वाजते. काटा गेल्या रविवारी होता तिथेच. त्याआधीच्याही. म्हणजे औषध लागू पडतंय.

“मी काय बटाटे आहे? दर आठवड्याला तोलतेस!”

असू दे. बोलेना का. काटा हलत नाही तोवर मी औषध बंद करू देणार नाही. मध्येच कधीतरी म्हणते, “पुरे झालं ना आता, ताई?” मी काट्याकडे बोट दाखवते. वाद संपतो.

१५ जानेवारी, गुरुवार

पुन्हा लागला. म्हणजे पिन नव्हे.

१६ जानेवारी, शुक्रवार

एका वेळी एकच गोष्ट बदलायची — प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. कालच्याच वेळेला निघाले, त्याच रस्त्याने, तेच खड्डे, हीटर तेवढाच. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन वळले. दिवा लागला नाही. म्हणजे रस्ता नव्हे, खड्डे नव्हेत, सकाळची थंडी नव्हे.

राहता राहिली धाकटी. पण माणूस नुसता बसून काय बिघडवणार? तिला यातून वगळते.

१८ जानेवारी, रविवार

वजन तेच. गाडी गॅरेजला सोडून आले. गुरुवारच्या आत शोधून दे म्हटलं, नाहीतर दुसरा माणूस बघते.

२० जानेवारी, मंगळवार

“जेवले की मी!” म्हणाली. ताट झाकून ठेवलं होतं. उघडून पाहिलं. चिवडलं होतं फक्त. रागावले. उगाच रागावले.

२१ जानेवारी, बुधवार

गॅरेजवाल्याचा फोन. “मॅडम, सापडला! या.”

गेले. स्वारी खुशीत. काल मुलीला शाळेतून आणायला माझीच गाडी घेऊन गेला होता. पोरगी शेजारी बसली आणि दिवा लागला.

“तुम्ही हा म्हणत होता होय! रेडिओच्या वरचा! मी आपला स्टिअरिंगसमोरचा बघत बसलो. अहो, हा बिघाडाचा नाहीच. सीटखाली वजन मोजणारा सेन्सर असतो. सीट रिकामी असली तर दिवा लागत नाही, पण पुढे लहान मूल बसलं की गाडी त्या बाजूची एअरबॅग स्वतःच बंद करते. मुलाला ती जोरात लागू नये म्हणून. बंद केली, एवढंच सांगतो हा दिवा. गाडी एकदम ठणठणीत!”

मी तिच्या सीटवरून हात फिरवला.

“नातवंडाला बसवता का पुढे? मागे बसवत जा.”

“नाही,” म्हटलं. “बहीण बसते.”

“लहान?”

“माझ्यापेक्षा लहान.”

त्याचं हसू गेलं. मग म्हणाला, “सेन्सरच चुकत असेल. जुनी गाडी.” जाड्याला बसवलं. दिवा गेला. मुलीला बसवलं. लागला. जाड्या, मुलगी, जाड्या. प्रत्येक वेळी बरोबर. शेवटी मीच म्हटलं, राहू दे आता.

घरी आले. ती खिडकीशी बसली होती. “सापडला का गं तुझा चोर?” तिने विचारलं.

“नाही,” म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

लागला. वाटभर त्याच्यावर तळहात ठेवून गाडी चालवली.

“ताई, दोन्ही हातांनी चालव,” ती म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार

“आज कोट काढ.”

“थंडी वाजते.”

“काढ म्हटलं ना.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बटणं सोडली. कोट जमिनीवर पडला तो दणकन. दोन्ही खिशांत कुलुपं. माळ्यावरच्या ट्रंकांची ती जुनी, जड कुलुपं! वरून सेफ्टी पिना लावलेल्या.

“दर रविवारपुरतं कुलपात ठेवत होते, ताई. म्हणून तर वजन पळालं नाही.”

मला हसू आलं. देवा, हसू आलं! दोघी हसलो. मग ती काट्यावर चढली. आकडा इथे लिहीत नाही.

दर गुरुवारी आत तिचं वजन होतच होतं. डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे. “घरी सांगा म्हणाले होते. मी म्हटलं, घरी ताई आहे.”

“मग मला फसवलंस कशाला? पहिल्यांदा घटलं तेव्हाच औषध बंद झालं असतं!”

“तू काट्याकडे बघून दर रविवारी चहात दोन चमचे साखर घालायचीस. एरवी एकच. कसं सांगणार होते?”

स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. थेंबाथेंबाला लोकांना बोलणारी मी!

२६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांना फोन केला. दुसरं काही औषध? नाही. डोस वाढवून? नाही. हे चालू ठेवलं तर? ते म्हणाले, “फरक पडणार नाही. त्रास मात्र होत राहील.” सरळ बोलल्याबद्दल आभार मानले. फोन ठेवल्यावर खुर्ची कुठे आहे ते सापडेना.

२७ जानेवारी, मंगळवार

तिने स्वतःहून विषय काढला. “तीन दिवस उलट्या, उरलेले दिवस पुढच्या गुरुवारची धास्ती. मधे मी कधी असते, ताई? मला गच्चीवर उन्हात बसायचंय. तुझ्याशी भांडायचंय. ताकद आहे तोवर.”

बघू, म्हटलं. काय बघायचं राहिलंय?

रात्रभर ती खोकत होती आणि खोकला मला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसत होती. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते आत्ता कळतंय.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, “बरं.” एवढंच जमलं. ती म्हणाली, “काय बरं?” मग तिला कळलं. माझा हात धरला. तिच्या हाताचं काही ओझंच वाटेना.

२९ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलच्या खिडकीत परत दिलं — तिचं पिवळं कार्ड, गोळ्यांची न फोडलेली पाकिटं, पुढच्या गुरुवारची वेळ. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, विचारलं. नर्स म्हणाली, “पेशंटची इच्छा, एवढंच लिहा.” लिहिलं — दोघींची. सही केली.