घाटातला दुसरा गिअर

खामगाव, सोमवार

प्रिय पुष्पांजली,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते, आधी माझी बातमी ऐक. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला ट्रकचं लायसन्स मिळालं. हसू नकोस. मोईज हसला होता, आणि मग दोन दिवस स्वतःच्या आईशी, म्हणजे माझ्याशी, बोलला नाही.

ट्रक तोच, अकरमनी लष्कराच्या लिलावातून आणलेला. ते गेल्यावर दोन वर्षं अंगणात उभा होता. मध्ये जीवन नावाचा ड्रायव्हर ठेवून पाहिला. सहा फुटांचा माणूस. त्या कपाटाएवढ्या केबिनमध्ये त्याचे गुडघे स्टेअरिंगला अडकायचे. तिसऱ्या दिवशी तो जालंबच्या फाट्यावर उतरला तो परत आलाच नाही. मी चार फूट अकरा इंच, शाळेच्या प्रत्येक फोटोत पुढे बसवलेली. ही गाडी माझ्याच मापाची निघाली.

गिअर मात्र सरळ पडत नाही. क्लच दाबून आधी न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग कुठे पुढचा गिअर. जरा चुकलं की तो असा करकरतो की सगळी गल्ली दात आवळते. सहदेव मिस्त्री खालून ओरडतो, "भाभी, कुस्ती काऊन खेळून राह्यल्या त्याच्याशी? जोर नाई लागत त्याले, टायमिंग लागते!" तेव्हा मला कॉन्व्हेंटमधला प्रार्थनेचा ऑर्गन आठवतो. माझे पाय पेडलला पुरायचे नाहीत, म्हणून पेडल तू मारायचीस आणि सूर मी वाजवायचे. एका स्टुलावर दोघी, अर्ध्या-अर्ध्या. सिस्टर चिडायच्या, पण प्रार्थना कधी अडली नाही.

मोईजला गाडी भंगारात द्यायची आहे. "अम्मी, ये लोहा है, अब्बा नहीं," असं म्हणाला. मी जाऊन इंजिनचं ऑइल बदललं. काळे हात घेऊन बाहेर आले तर तोच चहा घेऊन उभा. वाईट नाही गं तो, घाबरलेला आहे. शेवटी आमचं ठरलं: गुरुवारी बुलढाण्याला आरटीओत पासिंग झालं तर गाडी राहील. नाही झालं तर शुक्रवारी भंगारवाल्याच्या कागदावर सही मी करायची. शब्द मीच दिलाय. ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळं ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यापासून जिनिंगच्या गाठी वाहायचं कामही बोलून ठेवलंय.

अडचण एकच. दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेत आणि नवे कुठे मिळत नाहीत. उतारावर दांडा निसटतो आणि गाडी मोकळी सुटते. बावीस वर्षं बुलढाण्याच्या वाटेवरच्या बोथ्याच्या घाटात तो दांडा मी डावीकडे बसून दोन्ही हातांनी दाबून धरला. लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याबरोबर फिरायला निघाली. आमची सगळी भांडणं त्या घाटातच मिटली, कारण मला हात सोडून उठून जाता येत नव्हतं.

आता स्टेअरिंग माझ्याकडे आहे, आणि त्या रिकाम्या डाव्या सीटकडे मला बघवत नाही. सहदेव बसायला तयार आहे, पण मी सांगायच्या आधीच तो गिअर ओढतो. त्याला पान्यांच्या पेटीसकट मागे बसवणार आहे. म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीने शेगावहून ये. सुनेने तुला जिना चढायला मनाई केली आहे, ठाऊक आहे मला. डाव्या दाराखाली सहदेवकडून लोखंडी पायरी जोडून घेतली आहे, आपल्या त्या स्टुलापेक्षाही बुटकी. तुझे गुडघे गेले असतील, मनगटं नाहीत. अजून वीस माणसांची कणीक तूच मळतेस. घरी काय सांगायचं ते तू बघ. माझ्या घरी मी सांगून बसलेय. काल मोईजने विचारलं, "और दूसरा गिअर कौन पकड़ेगा?" मी तुझं नाव सांगितलं.

तुझीच, स्टुलाच्या उरलेल्या अर्ध्यावरची,
नसीमा