आठ इंचांत एक पीळ

कॉटनवुड फाटा, मोंटाना
२९ सप्टेंबर

प्रिय हार्लनदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझ्या लायकीपेक्षा दोन बोटं जास्तच वाकून केलाय, कारण आई आपल्याला तसंच शिकवून गेली. तुझा गुडघा कसा आहे? डोरीनवहिनींचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर त्यांना सांग, धुरात उभं राहून तुझ्यासाठी मांस भाजणं आठ दिवस बंद करा, आपोआप थांबेल. मी बरी आहे. खांदाही बरा आहे. (त्याच्याबद्दल पुढे येईलच.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी बोलायला लागले की तू रिसीव्हर टेबलावर ठेवून गुरांना चारा घालायला जातोस आणि परत येऊन "हं, मग?" म्हणतोस. मला ते तीस वर्षांपासून ठाऊक आहे. पत्राच्या बाबतीत तसं केलंस तरी निदान मला कळणार नाही.

आता मुद्दा. गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या पुढ्यात नाश्ता वाढलेला असताना तू उभा राहिलास आणि म्हणालास, "ऐका हो! आमची नेल्डा यंदा शिकारीच्या तळावर खारी मारायची बंदूक घेऊन येणार आहे. बंदूक गाडीत राहील आणि नेल्डा चुलीपाशी. पॅनकेक झकास करते ती!" चाळीस माणसं हसली. पाद्रीबाबांनी हसू लपवायला कॉफीचा कप तोंडाला लावला, पण तो रिकामा होता, मी बघितलं. तेव्हा माझ्या तोंडात घास होता म्हणून गप्प बसले. आता तोंड मोकळं आहे. तर लेखी कळवते: मी येणार. बंदूक येणार. पहिल्या दिवशी बाबांच्या खडकाच्या कट्ट्यावर मी बसणार. पॅनकेक ज्याला खायचे असतील त्याने करून घ्यावेत, पीठ डब्यात असतं.

तू विचारशील, बाबांची तीस-शून्य-सहाची मोठी बंदूक असताना ही काडी कशाला? तर ऐक. एकतीस वर्षं मी या जिल्ह्यात टपाल वाटलं. डाव्या हातात गाडीचं चाक, उजवा हात खिडकीबाहेर, दिवसाला तीनशे बारा पेट्या. (त्यातली तुझी पेटी सगळ्यात उंच लावलेली. का, ते तुलाच माहीत.) त्या खांद्याचं काय व्हायचं ते झालं, आणि फेब्रुवारीत बिलिंग्जच्या डॉक्टरांनी आत नवा सांधा बसवला. ते म्हणाले, बाई, दणका देणारी बंदूक आता विसरा. मी विचारलं, दणका न देणारी चालेल? ते म्हणाले, तशी कुठे असते? डॉक्टर चांगले आहेत, पण शहरातले आहेत.

तशी असते. एल्डनची बावीसची. माझ्या नवऱ्याने जाताना मागे काय ठेवलं, तर एक कर्कश कुत्रा आणि एकसारख्या दोन बंदुका. लिलावात जोडीने स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या. त्यातल्या एकीला मी बंदुका दुरुस्त करणाऱ्या आयव्हर स्टेनरूडकडून नवी नळी बसवून घेतली. आता इथे तू नाक मुरडणार, म्हणून सावकाश सांगते. बावीसच्या नळीत सगळ्या गोळ्यांची जाडी एकच. जाडी वाढत नाही, मग वजन वाढवायचं तर गोळी लांब करायला लागते. आणि लांब गोळीला जास्त गिरक्या लागतात, नाहीतर ती दारू प्यायलेल्या माणसासारखी आडवी होते. जुन्या नळीतल्या खाचांचा पीळ इतका सैल, की गोळी चौदा इंच पुढे जाते तेव्हा कुठे एक गिरकी घेते. नव्या नळीत आठ इंचांत एक. आपल्या घराण्याचा पीळ तीन इंचांत एक असावा असा माझा अंदाज आहे, पण तेवढी घट्ट नळी आयव्हरकडे मिळत नाही.

तर एवढा पीळ भरल्यावर पंचावन्न ग्रेन वजनाची हलकी गोळी मारणं म्हणजे ट्रकमधून एक पाव आणणं. मी जड गोळ्या मागवल्या, तीन तऱ्हांच्या. एक सत्याहत्तर ग्रेनची, डब्यावर सुंदर सोनेरी अक्षरं. एक अख्ख्या तांब्याची सत्तरची. आणि एक पंचाहत्तरची, पुढे मऊ शिसं, मागे जाड तांब्याचं कवच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काडतुसं भरली. मग कळलं, की गोळ्या इतक्या लांब, की काडतूस मॅगझिनमध्ये बसतच नाही. एकेक हातानेच भरायचं. तू म्हणशील, म्हणजे एकच बार? हो, एकच. तुझ्या बंदुकीत पाच मावतात, आणि मागच्या एका हंगामातल्या, मंगळवारच्या त्या नर हरणावर तू पाचही घातलेस, आणि तो शेवटी कंटाळून गेला, हेही चाळीस माणसांना सांगता येईल.

आता यातली एक गोष्ट तुला आयव्हरकडून कळणारच आहे, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. पहिल्या दिवशी मी खडीच्या खाणीत जाऊन कागदावर नऊ गोळ्या मारल्या. कागदावर भोकं पडली ती गोल नव्हती. कुलपाच्या भोकासारखी होती, लांबट. गोळ्या आडव्या जात होत्या! माझं डोकं फिरलं. तो कागद घेऊन भर दुपारी आयव्हरच्या दुकानात गेले. सहा गिऱ्हाइकं उभी होती. मी कागद काउंटरवर आपटला आणि म्हटलं, "हे तुझं आठ इंचांचं काम! याच्यापेक्षा माझा कुत्रा चांगली नळी बसवेल." आयव्हरला तू ओळखतोस, वर्षाला बारा वाक्यं बोलणारा माणूस. त्याने माझी बंदूक घेतली, गजाच्या टोकाला घट्ट चिंधी लावून नळीत घातला, गजावर शाईची खूण केली, आणि खूण एकदा फिरून वर येईपर्यंत गज हळूहळू ओढला. मग टेप लावून मापलं. चौदा इंच. सहाही गिऱ्हाइकांना टेप दाखवला. आणि म्हणाला, "बाई, माझं काम तुमच्या कपाटात आहे."

मी दुसरी बंदूक घेऊन गेले होते. (चष्मा गाडीत होता. दोन्ही बंदुकांना एल्डनने एकाच रंगाच्या गवसण्या शिवून घेतलेल्या. मेलेल्या माणसाला काय बोलणार.) मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला रुबार्बचं सारण भरून भाजलेला पाय नेऊन दिला. त्याने तो दुकानातच, उभ्या उभ्या, अर्धा खाल्ला आणि म्हणाला, "साखर कमी आहे." म्हणजे मिटलं.

मग बरोबर बंदूक घेतली आणि गोळ्या पुन्हा पाहिल्या. तू माझ्या गॅरेजमध्ये "दोन दिवसांसाठी" म्हणून आणून टाकलेले वळूंच्या लिलावाचे कॅटलॉग आठवतात? सहा वर्षं झाली त्या दोन दिवसांना. ते मी गुरांच्या टाकीत रात्रभर भिजवले, सालवार लावून दोरीने बांधले आणि दोनशे पावलांवरून गोळ्या मारल्या. हो, तेच. तुझेच. हलकी गोळी २०१८ सालच्या कॅटलॉगमध्ये शिरली आणि २०१६ च्यात तिचा चुरा झाला. सोनेरी डब्यातली २०१४ पर्यंत जाऊन बाजूने बाहेर पडली. आयव्हरने डबा हातात घेऊन वाचून दाखवलं, ती कागदावर मारायची आहे, जनावरावर नाही, आणि अक्षरं सोनेरी असली तरी वाचायची असतात. तांब्याची जवळून छान उमलली, लांबून मारली तर एक उमलली आणि एक सुईसारखी पार झाली. असलं नशिबावर सोडलेलं मला नको. आणि पंचाहत्तरची? ती २०१८ पासून थेट २००५ पर्यंत गेली. वाटेत २०११ सालच्या त्या काळ्या वळूच्या, ज्याच्यावर तू अजून जीव टाकतोस, बरोबर खांद्यामागून. मागे सापडली तेव्हा पुढून फुललेली आणि मागून शाबूत होती. मी धुऊन खिडकीत ठेवलीय.

तीनशे पावलांवर, आपल्या नेहमीच्या वाऱ्यात, तीन गोळ्यांची भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातात. खांद्याला गुदगुली होते तेवढीच. खारी मारायची बंदूक म्हण, काडी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मी कुणाची परवानगी मागत नाहीये. तळाची जमीन तुझ्या नावावर आहे, पण बाबांचा कट्टा नाही. त्यावर मी नऊ वर्षांची असल्यापासून बसतेय. अडवायचं असेल तर कट्ट्यावर येऊन अडव.

वहिनींना नमस्कार. खोकल्याला मध दे.

तुझी (आणि कुणाला न जुमानणारी),
नेल्डा

ता. क. हरीण पडलं तर ओढायला माणूस लागेल. माझा डावा हात चालतो. उजव्याने मी कुठे न्यायचं ते दाखवीन.

ता. क. २. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. गेल्या साली ओढ्यापलीकडच्या नराला पोटात गोळी लागली, ती तू मारलीस असं तळावर सगळ्यांना माहीत आहे, कारण तू तसं सांगितलंस. ती मी मारली होती. दणक्याच्या भीतीने चाप ओढताना मी डोळे मिटले होते. आपण दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरलो, तू त्या गुडघ्यासकट, आणि तो सापडला नाही. शेकोटीपाशी सगळे तुला हसले आणि तू ऐकून घेतलंस. मला एक शब्द बोलला नाहीस. पॅनकेकचं का काढलंस तेही मला घरी येईपर्यंत कळलं होतं. मला सुटायला वाट करून देत होतास. मला सुटायचं नाही, दादा. त्या नरासाठी मी वर्षभर गोळ्या निवडतेय. पण कागदावर माझे डोळे उघडे राहतात, हरणावर राहतील की नाही मला माहीत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते. पहिल्या दिवशी कट्ट्यावर माझ्याशेजारी बस. मिटले तर बंदुकीचा बोल्ट काढून तुझ्या खिशात घाल, म्हणजे ती उडणारच नाही. मी मुकाट्याने चुलीपाशी जाईन, लोकांना खांदा दुखतो म्हणून सांगीन. दुर्बीण आणू नकोस. हरणाकडे मी बघते, तू माझ्या डोळ्यांकडे बघ.