एका हाताची सुरी

१४ मार्च

प्रिय दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. इकडे आम्ही ठीक. आईचा उजवा हात अजून लुळाच आहे, पण आता ती काठीशिवाय खिडकीपर्यंत जाते. न्हाणीघराची गळती एकदाची थांबली. वहिनीनं पाठवलेली शाल आईला फार आवडली, तिला सांग.

तुझी मुलाखत वाचली. फोटो छान आलाय.

आईचा व्यायाम घ्यायला येतात ना, त्या बाईंनीच मासिक आणलं. सोबत खोक्यात नवी कोरी सुरी. "आजी, ही एका हातानं कापायची सुरी तुमच्या मुलानं तयार केलीय, माहितीये?" मी चहा टाकायला आत गेले.

दादा, आईला कुणी भरवलेलं खपत नव्हतं. तोंड फिरवून बसायची. म्हणून मी कारखाना सुटल्यावर तिथल्याच मशीनवर जेवणाच्या साध्या सुऱ्या घासत बसायचे. पातं खालून गोलसर, मूठ वर उचललेली. दाबून नुसती डोलवली की काम झालं. किती सुऱ्या वाया घालवल्या, विचारू नकोस. आईनं पहिल्यांदा आपल्या हातानं टोस्टचे तुकडे केले, तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो होतो. पुढे तू आलास, बघितलंस, म्हणालास, "एक दे, ऑफिसात दाखवतो." मी रुमालात गुंडाळून दिली. सख्ख्या भावाला देताना कसली शंका येणार?

मुलाखतीत तू म्हणतोस, "आईचे हाल बघवेनात, म्हणून कामाला लागलो. घरच्यांनीही साथ दिली."

घरच्यांनी!

तेही गिळलं असतं मी. पण परवा आईनं तुला फोन लावायला सांगितला. तिच्या कानाशी फोन मीच धरला होता, स्पीकर लावून. तिनं एकेक शब्द जुळवत विचारलं, "ती सुरी... तू केलीस?" तू जरासा थांबलास. वाटलं, आता सांगशील.

"हो गं आई. तुझ्यासाठीच केली."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बोटांच्या पट्ट्या काय मला दिसत नव्हत्या?"

"मग त्याला कशाला विचारलंस?"

"तो काय म्हणतो, ते ऐकायचं होतं."

मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "तू जा, कामाला उशीर होईल."

सुरी तुझी म्हणून विकली जातेय, जाऊ दे. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण आईला खोटं सांगितलंस, तेही मी फोन धरून ऐकत असताना, हे मला सोसत नाही. सुट्टीत येणार असशील तर ये, घर तुझंच आहे. ती पुन्हा विचारायची नाही. तूच तिच्याजवळ बसून आपणहून सांग. मला वेगळं काही सांगू नकोस.

अजून तरी तुझीच,
धाकटी