शिजतं भांडं

बेटेगाव,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सपनाबायला सोमीचा सा. न.

हितं मोबाईलला रेंज नाय, म्हणून पुंडलिकदादाच्या हाती चिठ्ठी देते. तो भाजी घेऊन बोईसरला येतोच. माजं अक्षर बघून हसू नको.

पारू परत आजारी झाली. वर्षाची पण नाय अजून, नि छाती नुसती घुरघुरते. डॉक्टर बोलला, पोरीला चुलीच्या धुरात ठेवू नको. एक खोली, चूल आत, ठेवू कुठं? मला लय भ्या वाटतं बाय. ती झोपली का मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते.

तेवढ्यात संस्थेच्या जागृतीताईंनी उन्हात शिजवायची पेटी आणली. आतून काळी, वर काच, झाकणाला आरशासारखा पत्रा. थोड्या घरांत वापरून बघणार, काय चुकतं ते बघून पुढची पेटी सुधारणार. मी सगळ्यांच्या आधी मागितली. पण सासू बोलली, नवी चूल सारवल्याबिगर वापरायची नाय. मी शेणानं सारवली. आतून, नि झाकणाचा पत्रा पण. डाळ रोज कच्ची. ताईंनी बघून डोक्याला हात लावला. बोलल्या, ऊन पत्र्यावरून आत जायचं, तू पत्राच झाकलास. घासला तर चरे पडले. आता त्या पेटी उचलून पाम गावच्या दुसऱ्या बाईला देणार. गुरुवारी जीप येते.

मी देणार नाय.

पारूवर जीव हाय तसाच ऱ्हाऊ दे.
तुजी सोमी

बोईसर,
११ फेब्रुवारी

चि. सोमीला अ. आ. पारूला पापा.

चिठ्ठी वाचून आधी हसले, मग रडू आलं. आरसा सारवणारी बाई जगात तूच. शेजारची हिंदीवाली बोलली, बहन को बोलो गैस ले लो. तिला काय सांगू, सिलिंडर पाड्यावर कोण चढवणार?

पण भांडू नको. पेटी त्यांची हाय. दवाखान्याच्या कामाला त्याच ताई उभ्या ऱ्हातात. नि सासूशी वाकडं घेतलंस, तर पारूचा बाप बोटीवरून येईपर्यंत तुला कोण? पेटी दे नि माज्या रूमवर ये. कारखान्यांचा वास येतो, पण चूल नाय.

राग धरू नको, माया ठेव.
तुजी बाय

बेटेगाव,
१४ फेब्रुवारी

ती. सपनाबायला सा. न.

पेटी हितंच हाय, नि मी पण. हितं धूर, तितं वास, मग पोरीनं दम कुठं घ्यायचा?

चरे पडलेल्या पत्र्यावर पण शिजतं. उशीर लागतो, नि ऊन सरकलं का पेटी फिरवावी लागते. गुरुवारी ऊन वर आल्याबरोबर भात ठेवला. जीप आली. ताई नीटच बोलल्या, सोमी, ती बाई वाट बघतेय. पारूला काखेत घेऊन पेटीसमोर बसले. बोलले, त्या बाईसाठी नवी बनवा, सारवली तरी चालंल अशी. ही शिजतेय. डायवर दिपेश हसला नि पेटीला हात घातला.

तशी सासू बाहेर आली. मला वाटलं, आता हीच उचलून देते. रोज बोलते, विस्तव नाय तर शिजणार काय. पण तुला म्हायती हाय, आपल्यात शिजतं भांडं परक्यानं हलवायचं नाय, घराचं अन्न तुटतं. म्हातारीनं काठी आडवी घातली. बोलली, हात काढ. आमच्या घरचं शिजतंय.

दिपेशनं हात काढला. ताई आंब्याखाली बसल्या, भात होईपर्यंत. भात काढला नि मी लगेच डाळ ठेवली. ताईंना कळलं. त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या, नि दिपेशला बोलल्या, चल.

म्हातारीनं तो भात खाल्ला नाय. आत आपली चूल पेटवली. मी पारूला घेऊन अंगणातच बसले. तिनं हाका मारल्या, तरी धूर जाईपर्यंत आत गेले नाय.

भ्या अजून वाटतं. ताई सोमवारी परत येणार. येऊ दे. उजाडलं का मी भांडं ठेवते.

तू रागावलीस तरी चालंल, पण माजीच ऱ्हा.
सोमी