फळी पडायच्या आधी

३ फेब्रुवारी

परत तेच! आठ जणींत माझी भाची ठिणगी सुरुवातीच्या फळीवरून सातवी सुटली. पुढे उड्या मारत, वळणं कापत तिसरी आली, ते निव्वळ मांड्यांच्या जोरावर. मातीच्या उंचवट्यांवरून चाळीस सेकंदांची सायकलशर्यत. सुरुवातीलाच अर्धं चाक मागे पडलं तर ते भरून काढणार कधी?

इथे सरावाला हीच पोरगी गोफणीतल्या दगडासारखी सुटते. मी स्वतः बघतो, रोज. मग शर्यतीत काय होतं? वारा असेल. नाहीतर पेडल.

५ फेब्रुवारी

पेडल बदललं. साखळी ताणून घेतली. दोष सापडेल. माझ्या हातून दोष निसटत नाही — बसच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं वेल्डिंग केलं, तेही कुणी न शिकवता.

ही सरावाची फळी तरी कुणी शिकवली होती? भंगारातल्या बसच्या दाराचा हवेचा दट्ट्या काढला, लोखंडी पत्रा जोडला, वर्कशॉपमागच्या टेकाडाच्या डोक्यावर बसवली. फळीला पुढचं चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून तोल सांभाळायचा. मी ओरडणार, "तयार! नजर फळीवर!" मग थोडं थांबून बटण. भोंगा वाजतो, फळी खाडकन खाली. बहिणीची ही लेक सात वर्षांची असल्यापासून तिथून सुटतेय. वेल्डिंग बघायला येऊन बसायची, म्हणून ठिणगी. आता चोवीस वर्षांची आहे, पोटापाण्याचा धंदाच हा, छातीवर सायकल कंपनीचं नाव.

राष्ट्रीय संघात एक जागा रिकामी आहे. निवड २३ मार्चला. संघात नाही तर कंपनीचा करारही नाही. म्हणजे सगळंच संपलं. पण नाही संपणार!

९ फेब्रुवारी

दोष वाऱ्याचा नव्हता. पेडलचाही नव्हता.

१२ फेब्रुवारी

आज कपाळावर हात मारून घेतला. नंतर हसलो. नंतर परत कपाळावर हात.

बायकोने मोबाइलवर सराव टिपला होता. जेवताना म्हणाली, "अहो, जरा स्वतःकडे बघा."

"माझ्याकडे काय बघायचंय? सायकल मी चालवतोय का?"

"बघा तर खरं!"

बघितलं. मी ओरडतो, थांबतो, मग नाकाने मोठा श्वास ओढतो — आणि मगच बटण दाबतो. प्रत्येक वेळी! ठिणगीचं अंग भोंग्यावर हलतच नाही, माझ्या श्वासावर हलतं.

"चाळीस वर्षं ऐकतेय मी तो श्वास," ही म्हणाली. "काही मागायचं असलं की आधी नाक ओढता. मला पाणी हवंय ते मला तुमच्या आधी कळतं."

शर्यतीत सगळं यंत्राच्या हाती. "नजर फळीवर" म्हटल्यावर ते किती वेळ गप्प बसेल, कुणालाच ठाऊक नसतं. आणि यंत्र श्वास घेत नाही. पोरगी तिथे बिचारी मामाच्या नाकाची वाट बघत उभी!

सतरा वर्षं मी तिला चुकीच्या गोष्टीवर सुटायला शिकवलं. लिहितानाही लाज वाटते. पण दोष सापडला. सापडलेला दोष म्हणजे अर्धी दुरुस्ती.

१३ फेब्रुवारी

ठिणगीला सांगितलं. मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणाली, "मग आता?"

म्हटलं, श्वास रोखतो. रोखला. तर तिने डोळ्याच्या कडेने माझा खांदा हेरला! खांदा आवळला, तर चपलेचा आवाज. या पोरीला माझं सगळं अंग पाठ आहे.

१५ फेब्रुवारी

उपाय एकच. फळीपाशी मी नको.

मध्ये पत्रा उभा केला, बटणाची वायर पत्र्यामागे नेली, खुर्ची टाकून तिथे हिला बसवलं.

"कधी दाबायचं?"

"तुझ्या मनाला येईल तेव्हा."

"चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकतेय!"

मी खाली, पहिल्या वळणापाशी. तिथून फळी काडेपेटीएवढी दिसते. हात उगाचच चाळवत होते. शेवटी खिशात घातले.

२० फेब्रुवारी

वाईट दिवस. ही एकदा चटकन दाबते, एकदा पाच सेकंद विणकाम करत बसते. ठिणगी दोनदा आधीच निघाली, फळीवर आदळली. कोपर सोलपटलं. हेल्मेट आपटून वर ओरडली, "मामी, काहीतरी ताळतंत्र ठेव ना!"

पत्र्यामागून आवाज आला, "यंत्राला मामी म्हणत नाहीत!"

खाली मी एकटाच हसलो. मग ठिणगी माझ्याकडे बघत राहिली — तू ये म्हणून. मी गेलो नाही. 

४ मार्च

दहातल्या सात वेळा अचूक सुटली! भोंगा आणि खांदे एकदम.

११ मार्च

दहातल्या नऊ. हिचं अर्धं स्वेटर झालं.

२३ मार्च

आज सगळं लिहिणारच.

अंतिम फेरी. आठ जणी वर रांगेत. मी पहिल्या वळणाच्या कुंपणाला धरून. आवाज आला, "तयार — नजर फळीवर." मग यंत्राचं ते गप्प बसणं! मी श्वास ओढला. ठिणगी हलली नाही. भोंगा — आणि सगळ्यांच्या पुढे तिचं चाक! वळणावर माझ्यासमोरून गेली, तेव्हा तिच्या आणि दुसरीच्या मध्ये एका सायकलची जागा होती. ती शेवटपर्यंत कुणी भरून काढली नाही.

पहिली! संघात!

सतरा वर्षं मी तिची पाठच बघितली होती. आज शर्यतीत पहिल्यांदा समोरून तोंड बघितलं. दात-ओठ खाऊन येत होती, अगदी माझ्या बहिणीसारखी.

२५ मार्च

अभिनंदनाचे फोन. मी सगळ्यांना तेच सांगतो — दोष आम्हीच शोधला, घरच्या घरी! सांगितलं तर काय बिघडलं?

२ एप्रिल

ठिणगीला शिबिरात पोचवून आलो. संघाचा प्रशिक्षक, भला माणूस, त्यालाही ती गोष्ट ऐकवली. तो गडबडला. "अहो, तुमचा सराव बघून श्वासाचं मी तिला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. म्हटलं, मामांची फळी सोड, इकडे ये. म्हणाली, हरले तरी चालेल, मामाला सोडून येणार नाही."

घरी आल्यावर हिला विचारलं, "तो व्हिडिओ तू आपणहून काढला होतास?"

लोकर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "त्याआधी तीन दिवस रडत होती पोर माझ्यापाशी. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होत नव्हती."