खलाशाशिवाय क्रेन हलत नाही

८ जानेवारी
डॉक्टरांनी तारीख दिली. १८ फेब्रुवारीला मनकर्णाच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दवाखान्यात मीच नेणार, आपल्या गाडीत. नोकरीत होतो तोवर तिचं प्रत्येक दुखणं नेमकं माझ्या शिफ्टला यायचं. कमलेशच्या बाळंतपणाला ती शेजाऱ्याच्या जीपमधून गेली. आता शिफ्ट नाही. शब्द दिला.
कमलेश म्हणतो, बाबा, तुमचं लायसन्स संपून दोन वर्षं झाली, कॅबनं जाऊ. पोराला काय सांगावं? जन्मभर प्लांटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली. माणसांच्या डोक्यावरून वितळलेलं पोलाद नेलं, थेंब सांडला नाही. ही तर जमिनीवर टेकलेली चार चाकं.

१० जानेवारी, सकाळी
मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. असू दे. शिकाऊ लायसन्स निघालं, काचेवर लाल एल चिकटवला. टेस्ट १६ फेब्रुवारीला. साहेबांनाही चांगलं ड्रायव्हिंग पाहायला मिळेल.
नियमांचं पुस्तक वाचून राहिलो. बरेचसे नियम बरोबर आहेत. सीटबेल्ट मान्य, फक्त जेवल्यावर जड जातो. दवाखान्याजवळ हॉर्न नाही, हे अर्धं मान्य. क्रेन हलवण्याआधी घंटा वाजवावीच लागते, तेव्हा एकदाच आणि हळू. शिकाऊ माणसाच्या बाजूला लायसन्सवाला हवा म्हणे. मनकर्णाकडे लायसन्स नाही, पण ती बाजूला नसताना मी गाडी कधी हलवलीच नाही. अनुभव म्हणजेच लायसन्स.
पुस्तकात मोठी गोष्टच राहून गेली आहे. क्रेनचा ड्रायव्हर वर केबिनमध्ये, खालचं त्याला दिसत नाही. खाली उभा खलाशी, म्हणजे इशारे देणारा कामगार, हात दाखवतो, तोच कायदा. हात नाही, तर क्रेन नाही. गाडीतही मी हेच पाळतो. मनकर्णा ‘येऊ द्या’ म्हणाली की सोडतो, ‘थांबा’ म्हणाली की ब्रेक. आरशात पाहत नाही. लक्ष विचलित होतं.

२५ जानेवारी
कुरुदच्या मैदानात रिव्हर्सचा सराव. मनकर्णा म्हणाली, येऊ द्या, येऊ द्या. आलो. मागे मैदानालगतच्या बेबीताईनं रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घातलेली खाट होती. होती म्हणजे आता नाही.
बेबीताई भांडली नाही. म्हणाली, भाऊजी, पुढं एवढं मैदान पडलं हाये, तुमाले मागंच कावून जा लागते?
चूक कोणाचीच नाही. बिचारीला मोतीबिंदू. म्हणजे ऑपरेशन झालं की माझं रिव्हर्स आपोआप सुधारेल.

९ फेब्रुवारी
झोप नीट नाही. मनकर्णा ऑपरेशनला घाबरून राहिली. मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच त. प्रेमानं म्हणाली असावी.
संकल्प: रोज एक तास सराव. आजचा उद्या, थंडी आहे.

१६ फेब्रुवारी
टेस्ट. साहेबांनी मनकर्णाला गाडीत बसू दिलं नाही, कुंपणाबाहेर उभं केलं. मग म्हणाले, अंकल, चलिए. मी थांबलो. किसका इंतजार है, विचारलं. मी क्रेन आणि खलाशाचं शास्त्र समजावलं. त्यांनी बोटानं आरसा दाखवला.
पुढचा भाग उत्तम झाला. रिव्हर्सला कुंपणाकडून मनकर्णाचा आवाज आला, येऊ द्या. साहेबांचे प्लास्टिकचे कोन पडले. सगळे नाही.
नापास. पुन्हा या म्हणाले.
घरी कमलेशनं चावी काढून घेतली. दुसरी चावी तांदळाच्या डब्यात आहे. नुसतं लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, पहाटे
कमलेश झोपला आहे. निघतो. कायदा मोडत नाही, शब्द पाळून राहिलो.

त्याच दिवशी, दुपारी
दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात मागून सायरन. नियम तोंडपाठ होता: ॲम्ब्युलन्सला डावीकडे सरून वाट द्यावी. विचारलं, सरू का? मनकर्णा गप्प. पुन्हा विचारलं. बेल्ट घट्ट धरून गप्पच. इशारा नाही. पाय ब्रेकवर गोठला. रस्ता अडवून मी उभा, सायरन कानात, मागे हॉर्नच हॉर्न.
शेवटी आरशात पाहिलं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मला हात जोडत होता.
तेवढ्यात कमलेश स्कूटरवर आला. गाडी जागेवर नाही पाहून मागे निघाला होता. स्कूटर कडेला लावून माझं दार उघडलं, म्हणाला, "बाबा, सरका तिकडं." गाडी डावीकडे घेतली. ॲम्ब्युलन्स गेली. पुढे चालान फाटलं, पैसे त्यानंच भरले. रागावला असता तर बरं होतं.
दवाखान्यात आधी त्या पेशंटची चौकशी केली. पद्मनाभपूरची म्हातारी. वाचली म्हणाले. मग मनकर्णाजवळ जाऊन बसलो. ऑपरेशन चांगलं झालं.

२१ फेब्रुवारी
मनकर्णाला लख्ख दिसून राहिलं. माझ्या शर्टाचे डागही. मी म्हटलं, आता खलाशाची नजर साफ झाली, पुढच्या टेस्टला चिंता नाही.
तिनं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "एक सांगू? तुमी स्टेअरिंगवर बसले का मी डोये मिटून घेतो. गाडी घेतली तवापासून. भेव वाटते."
म्हटलं, मग ‘येऊ द्या’?
"अंदाजानं. तुमाले बरं वाटते म्हणून."
मग त्या दिवशी चौकात गप्प का बसली, विचारलं. म्हणाली, मागं कोणाचा तरी जीव होता, तिथं अंदाज कसा सांगू?
बारा वर्षं. दुर्ग, राजनांदगाव, दोनदा नागपूर.
तांदळाच्या डब्यातली चावी कमलेशला दिली. दुसऱ्या डोळ्याची तारीख मार्चमध्ये आहे. ऑटो सांगून ठेवला. मागे दोघंही बसू, तिचा हात धरीन. ऑटोवाल्याला इशारे मात्र मीच देणार. डोळे उघडे ठेवून, जमलं तर.